दोन गावांचे दोन ठराव

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या ठरावाच्या वहीत रस्ते, गटारे, पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती यांचे विषय असतात. पती किंवा पत्नी गमावलेल्या माणसाने पुढचे आयुष्य कसे काढावे, हा विषय त्या वहीत सहसा येत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न समजला जातो. परंतु महाराष्ट्रातील दोन गावांनी हा विषय गावाच्या सभेपुढे आणला आणि त्यावर निर्णय घेतला. एक गाव रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्याचे मुरूड. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील, शिरोळ तालुक्याचे हेरवाड. मुरूडचा निर्णय १८९३ मध्ये झालेल्या एका विवाहानंतरचा आहे, हेरवाडचा २०२२ मधला. एका गावाने एका दांपत्यासाठी आपले दार लावून घेतले. दुसऱ्याने विधवांसाठी ते उघडले.

मृत्यूने ज्याचा संसार मोडला त्याला जगण्याची आणि प्रेमाची दुसरी संधी मिळते की नाही, हे त्याच्या स्वतःच्या धैर्यावर अवलंबून असते आणि कायद्यावरही असते. पण शेवटी ते सर्वाधिक अवलंबून असते शेजारपाजारच्या माणसांवर. या दोन ठरावांच्या दरम्यानचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हेच सांगतो.

दोन एकाकी जीव

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. मुरूड हे त्यांचे गाव. गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि मुंबईत शिकवू लागले. १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आग्रहावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. वय तेहेतीस, हाताशी लहान मूल आणि घर रिकामे, अशी त्यांची स्थिती होती.

त्या काळी तेहेतीस वर्षांच्या विधुराला दुसरी पत्नी मिळण्यात काहीच अडचण नव्हती. वर्षश्राद्ध होण्यापूर्वीच मुली सांगून येत, आणि त्या दहाबारा वर्षांच्या असत. न्यायमूर्ती रानडे हे विधवाविवाहाचे प्रमुख पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनाही मान तुकवावी लागली आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचा विवाह झाला. एवढ्या मोठ्या माणसाला जे साधले नाही ते सामान्याला किती कठीण असेल, याची कल्पना यावरून येते. कर्व्यांनी मात्र मनाशी निश्चय केला : लग्न केले तर विधवेशीच, नाही तर एकटे राहावे.

दुसरीकडे देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई. आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. पती म्हणजे काय हे समजण्यापूर्वीच त्या विधवा झाल्या. पुढची वर्षे सासरच्या घरी राबण्यात गेली. केशवपन, अलवण, शुभकार्यात मागे राहणे, कोणाच्या वाटेत आडवे न येण्याची सतत काळजी, हे त्या काळच्या ब्राह्मण विधवेचे आयुष्य त्यांच्याही वाट्याला आले. वयाची विशी ओलांडल्यावर बंधू नरहरपंत जोशी यांच्यामुळे त्या मुंबईस आल्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी तेथे शारदा सदन उघडले, त्याच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई होत. पुढे सदन पुण्यास आले, तशा त्याही पुण्यास आल्या.

नरहरपंत हे कर्व्यांचे जिवलग स्नेही. दोन्ही घरांचा परिचय जुना. त्यांनी आपल्या विधवा बहिणीचा विवाह मित्राशी करून देण्याचे मनावर घेतले, वडिलांनी विरोध केला नाही, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदन उघडले त्या दिवसाला बरोबर चार वर्षे झाली होती. लग्नानंतर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गोदूबाईंना दुसरे आयुष्य मिळाले ते एकट्या कर्व्यांच्या धैर्यामुळे नव्हे. भाऊ पाठीशी उभा राहिला, वडील आडवे आले नाहीत, एका शाळेने आधार दिला. यांतील एक दुवा निखळला असता तर आठव्या वर्षी वैधव्य आलेली ती मुलगी देवरुखच्या परिसरातच कोणाच्या तरी माजघरात म्हातारी झाली असती. तशा अगणित झाल्या. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

मुरूडचा ठराव

लग्नानंतर कर्वे पत्नीला घेऊन आपल्या गावी गेले. गावावर त्यांचा लोभ होता आणि गावासाठी त्यांनी झीजही सोसली होती. परंतु गावकऱ्यांची सभा भरली आणि तिने बहिष्कार पुकारला. कर्वे ज्या बैठकीला असतील त्या बैठकीला कोणी बसू नये. आणि घरच्यांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले तर त्या घरावरही बहिष्कार पडावा, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या ठरावाची धार कोणाला लागली? कर्व्यांना पुण्यात नोकरी होती, मित्र होते. तेथे ते जगू शकत होते. धार लागली ती गावात राहणाऱ्या आईला आणि भावाला. मुलगा गावात आला तर त्याला जेवू घालावे की गावात राहावे, अशी निवड त्या माउलीपुढे ठेवली गेली. सामाजिक बहिष्काराची रीतच अशी असते. ज्याने पाऊल उचलले त्याला तो क्वचितच पोहोचतो. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना मात्र नेमका गाठतो. आणि पुढचा माणूस पाऊल उचलण्याआधी आपल्या आईकडे पाहून थांबतो.

मुरूडचे गावकरी काही दुष्ट नव्हते. शेजारधर्म पाळणारी, सणावाराला एकमेकांच्या उपयोगी पडणारी अशीच ती माणसे होती. रूढी मोडली तर गाव मोडेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणूनच हा प्रसंग आज आठवावयाचा. चांगल्या माणसांची सभाही अन्यायाचा ठराव एकमताने करू शकते, हे प्रत्येक सभासदाने स्मरणात ठेवावे असे आहे.

उंबरठ्यावरचे जिणे

लग्न झाले म्हणून बायांचे एकाकीपण संपले, असे मात्र झाले नाही. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे करावे, हा त्याचा हेतू. पण आश्रमाचा संबंध पुनर्विवाहाशी जोडला गेला, तर लोक आपल्या विधवा मुली तेथे पाठविणार नाहीत, हे कर्व्यांनी ओळखले. त्यांनी आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. याचा परिणाम असा झाला, की ज्या संस्थेसाठी पती रात्रंदिवस कष्ट करीत होता, त्याच संस्थेत त्याच्या पुनर्विवाहित पत्नीला प्रारंभी मोकळेपणाने वावरता येईना. स्वतःची पुंजीही कर्व्यांनी आश्रमाला दिली आणि संसाराची ओढाताण बायांच्या वाट्याला आली. त्यांनी आपल्या ‘माझे पुराण’ या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात ही दुःखे स्पष्टपणे सांगितली आहेत. थोर पुरुषाच्या पत्नीने असे लिहिणे हे त्या काळी सोपे नव्हते. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. कर्व्यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान मिळाला.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या आणि निधी गोळा करीत दूरदूर हिंडल्या. एकाच घरातील दोन बहिणी, दोघींची दुसरी आयुष्ये निरनिराळी. विधवेने लग्न केलेच पाहिजे, असा आग्रह धरणे हीही एक सक्तीच होय. कोणी विवाहात आनंद शोधील, कोणी कामात. निवड तिची असावी, आणि निवड करताना तिला भय नसावे, एवढेच समाजाने पाहावयाचे आहे.

कायद्याची वाटचाल

कर्व्यांच्या विवाहापूर्वी सदतीस वर्षे, १८५६ मध्ये, ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनी हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६५ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. १८६९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत झालेला विवाह फार गाजला, आणि पुढच्या वर्षी पुण्यात या प्रश्नावर शास्त्रार्थ होऊन निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. कायदा होता, त्याचा आधार घेणारी माणसे मात्र मोजकी होती.

त्या कायद्यातही एक विलक्षण तरतूद होती. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क, जणू ती त्या क्षणी मृत झाली असे समजून, संपुष्टात येई. म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर समाज तिला जिवंतपणी मेल्यासारखे वागवीत असे. आणि तिने नव्याने जगावयाचे ठरविले तर कायदा तिला मृत मानीत असे.

आणखी एक वस्तुस्थिती नजरेआड करून चालणार नाही. महाराष्ट्रातील अनेक शेतकरी व कारागीर समाजांत विधवेचा दुसरा विवाह पूर्वापार मान्य होता. त्याला कोठे पाट म्हणत, कोठे मोहतूर. पण तो विधी बहुधा रात्री, गाजावाजा न करता उरकला जाई, आणि पाटाच्या स्त्रीला लग्नाच्या स्त्रीइतका मान नसे. पुढे यांतील काही समाजांनी प्रतिष्ठेच्या कल्पनेने ही प्रथाही सोडून दिली. जे मोकळेपण होते तेही वरच्या जातींचे अनुकरण करण्याच्या नादात हरवले. सुधारणेचा इतिहास नेहमी सरळ पुढेच जातो, असे नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, आणि तो वाटा तिचा पूर्ण मालकीचा ठरविला. १८५६ चा जुना कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. काही नात्यांतील विधवांचा वारसा पुनर्विवाहामुळे नाकारणारे एक कलम १९५६ च्या कायद्यात उरले होते. तेही २००५ च्या दुरुस्तीने गेले. पतीकडून एकदा मिळालेला वाटा पुढे विवाह केल्याने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका निर्णयात स्पष्ट केले. मुलांचाही हक्क तसाच राहतो. आईने पुन्हा लग्न केले म्हणून वडिलांच्या जमिनीतील मुलांचा हिस्सा कमी होत नाही. वडिलांच्या पश्चात आईच मुलांची नैसर्गिक पालक असते आणि केवळ विवाहामुळे तिचे हे नाते तुटत नाही.

कागदावर, अशा रीतीने, दार पूर्ण उघडे झाले आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत देशात विधवांची संख्या चार कोटींच्या वर आणि विधुरांची साधारण सव्वा कोटी आढळली. स्त्रिया अधिक वर्षे जगतात आणि पती बहुधा वयाने मोठा असतो, हे या तफावतीचे एक कारण. दुसरे कारण उघड आहे : विधुर पुन्हा संसार थाटतो आणि विधवा थांबते.

हेरवाडचा ठराव

कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी तरुण वयात पती गमावले. शासनाने २०२१ मध्ये अशा महिला व अनाथ बालके यांना विविध योजनांचा लाभ एकत्रितपणे मिळावा म्हणून ‘मिशन वात्सल्य’ हाती घेतले. मदत घरापर्यंत पोहोचविण्याचा मार्ग त्यातून तयार झाला; पण बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची रीत शासकीय योजनेने थांबत नाही. ती गावानेच थांबवावी लागते.

मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ते केले. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा ठराव झाला. त्याच महिन्यात, १७ मे २०२२ रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही याचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. त्यानंतर राज्यातील अनेक गावांत असे ठराव झाले.

कोणी म्हणेल, कुंकवाचा आणि पुनर्विवाहाचा संबंध काय? संबंध जवळचा आहे. ज्या स्त्रीला शेजारणीच्या हळदीकुंकवाला बोलावले जात नाही, मुलाच्या लग्नात जिला मांडवाच्या कडेला बसविले जाते, तिच्या मनात नव्या आयुष्याचा विचार उमलणार कोठून? आपला काळ संपला, हे तिला त्या पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष सांगितलेले असते. ते सांगणे थांबले की पुढचा विचार करण्याइतकी जागा तिला मिळते.

गावाच्या हाती काय आहे

ठराव वहीत राहणे आणि ठराव गावात उतरणे यांत अंतर असते. ते तोडण्याचे काम ग्रामपंचायत, शाळा आणि कार्यालये यांचे आहे.

पहिली गोष्ट वारसनोंदीची. पतीच्या मृत्यूनंतर सातबारावर व घराच्या नोंदीत पत्नीचे नाव विनाविलंब लागले पाहिजे. पुष्कळ घरांत सून माहेरी निघून जाईल किंवा दुसरे लग्न करील, या भीतीने तिचे नाव लावण्याचे टाळले जाते. ही टाळाटाळ बेकायदेशीर आहे, हे पंचायत सदस्याने घरी जाऊन समजावून सांगितले तर बरेच तंटे उद्भवणारच नाहीत.

दुसरी गोष्ट विवाहनोंदणीची. पुनर्विवाहाची नोंद झालीच पाहिजे. त्यासाठी पूर्वीच्या पतीचा किंवा पत्नीचा मृत्युदाखला हाताशी असावा. नोंद नसेल तर उद्या वारसा आणि निवृत्तिवेतन या दोन्ही बाबतींत स्त्रीच अडचणीत येते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रीने विवाहापूर्वी आपल्या विभागाचे नियम पाहून घ्यावेत. केंद्र शासनाच्या नियमांनुसार अपत्यहीन विधवेने पुनर्विवाह केला, तरी तिचे अन्य उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असल्यास हे वेतन चालू राहू शकते. याची माहिती अनेकांना नसते, आणि केवळ गैरसमजापोटी विवाह टाळला जातो.

तिसरी गोष्ट शाळेची. आईने पुन्हा लग्न केले की त्याचा पहिला टोमणा मुलाला शाळेत ऐकावा लागतो. शिक्षकाने वर्गात त्या मुलाचे नाव कसे पुकारले, पालकसभेत नव्या वडिलांचे स्वागत कसे केले, यावर त्या घराची शांतता अवलंबून असते. रघुनाथ कर्वे यांनाही वयाच्या अकराव्या वर्षी नवी आई मिळाली होती, हे शिक्षकांनी आठवावे.

चौथी गोष्ट ज्येष्ठांची. साठी ओलांडलेल्या विधुराला किंवा विधवेला सोबतीची गरज वाटली की घरातील मुलेच संकोचतात. या संकोचाच्या मुळाशी बऱ्याचदा वाटणीची धास्ती असते. ती बोलून दाखविली जात नाही, एवढेच. विधिवत विवाह झालेली पत्नी मुलांच्या बरोबरीने वारस ठरते, ही गोष्ट खरी. पण स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र आधीच करून ठेवले तर मनातील शंका दूर होतात. वडीलधाऱ्यांचा विवाह हा थट्टेचा विषय नाही. संध्याकाळच्या वेळी घरात कोणीतरी आपल्यासाठी चहा ठेवावा, औषधाची आठवण करून द्यावी, या अपेक्षेला वय नसते.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत परिणामकारक. गावच्या हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनाला विधवा भगिनींना आवर्जून बोलवावे आणि पुढे बसवावे. ज्या घरी पुनर्विवाह झाला त्या घरी सरपंचांनी सपत्नीक जेवायला जावे. कर्व्यांच्या शेजारी कोणी बसू नये, असे मुरूडच्या सभेने सांगितले होते. त्या ठरावाचे खरे उत्तर त्यांच्या पंक्तीला बसणे हेच होते.

आज मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव म्हणून अभिमानाने ओळखले जाते. गाव चुकते, आणि गाव सुधारतेही. फक्त त्या सुधारण्याला लागलेल्या वर्षांत किती जणींची आयुष्ये सरून गेली, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडत नाही.

आपल्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेची विषयपत्रिका तयार होईल, तेव्हा रस्ते आणि पाणी यांच्याखाली एक ओळ मोकळी ठेवावी. गावात अशी कोण आहे, कोण आहे असा, की ज्याच्या दारावरून सगळे जातात आणि ज्याच्याकडे कोणी थांबत नाही, याचा त्या ओळीत विचार व्हावा. नाव वहीत लिहिण्याची आवश्यकता नाही. सभा संपल्यावर दोन माणसांनी त्या घरी जाऊन यावे.